बिघाडाची वेळ विचारा

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर नीट वाजत नाही म्हणून कोणी माझ्याकडे आलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चालू केल्यापासून किती मिनिटांनी? आवाज फाटतो की दबतो, खरखर येते की शिट्टी, हे सगळं नंतर. आधी वेळ. समोरच्याला बहुधा उत्तर देता येत नाही, कारण ज्या दुकानांतून तो यंत्र फिरवून आलेला असतो, तिथे हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

गरम झाल्यावर होणारा बिघाड थंड यंत्रावर शोधायचा, तो सापडत नाही म्हणून पार्ट बदलत सुटायचं आणि बिल पार्टचं लावायचं, अशी दुरुस्तीची रीत आपल्याकडे पडली आहे. तिच्यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात, चांगले व्हॉल्व्ह कचऱ्यात जातात आणि कारागिराचं कसब गंजत जातं. ही रीत मोडायला हवी, आणि ती मोडणं दुकानदाराइतकंच गिऱ्हाइकाच्याही हातात आहे.

मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करते. लागणारे भाग पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आणते. तिथे नाही मिळाले तर मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठते. व्हॉल्व्हची यंत्रं आता हौसेची झाली आहेत हे खरं. पण घरोघरी ती अजून आहेत. कोणाच्या वडिलांनी घेतलेली, कोणी जुन्या बाजारातून उचललेली, कोणी गेल्या काही वर्षांत नवी विकत घेतलेली. आणि बिघाड शोधायची शिस्त ज्या यंत्रावर सर्वांत चांगली शिकता येते, ते हेच यंत्र आहे, कारण त्यातलं बरंचसं डोळ्यांना दिसतं आणि कानांना ऐकू येतं.

वेळ इतकी महत्त्वाची का, ते सांगते. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय काम करत नाही. फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये पहिला व्हॉल्व्ह केला, तेव्हापासून हे तत्त्व तेच आहे. हवा काढून घेतलेली काचेची नळी, तिच्यात एक हीटर, हीटरभोवती कॅथोड. कॅथोडवरचा ऑक्साइडचा लेप लालसर तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि २५०-३०० व्होल्टवर बसलेल्या प्लेटकडे धावतात. मधल्या ग्रिडच्या जाळीवर गाण्याचा सिग्नल द्यायचा, की तो या प्रवाहाला कमीजास्त करतो. आपल्याकडच्या जुन्या सेटमध्ये सिग्नल मोठा करायला ईसीसी ८३ आणि स्पीकर हलवायला ईएल ८४ ही जोडी नेहमी दिसते. दोन्हींच्या हीटरला ६.३ व्होल्ट चालतात. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले हे व्हॉल्व्ह आजही कित्येक सेटमध्ये वाजताना सापडतात.

बटण दाबल्यावर दहा-पंधरा सेकंदांनी आवाज फुटू लागतो आणि अर्ध्या-एक मिनिटात व्हॉल्व्ह पुरते तापतात. तापणं मात्र तिथे संपत नाही. व्हॉल्व्हची उष्णता हळूहळू चासीत उतरते, ट्रान्सफॉर्मर गरम होतो, खालचे कपॅसिटर, रेझिस्टर, सोल्डरचे सांधे गरम होतात. याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, बंद पेटीत अर्धा तासही. म्हणजे एकाच यंत्रात तापण्याची दोन वेगळी वेळापत्रकं चालू असतात. बिघाड त्यांतल्या कोणत्या वेळी डोकं वर काढतो हे कळलं, की शोधायची जागा निम्म्याहून कमी होते.

पहिल्या मिनिटातल्या तक्रारी पाहा. चालू करताच एखादा ईसीसी ८३ बुडाशी क्षणभर लख्ख पेटतो आणि शांत होतो. काही युरोपीय बनावटीच्या व्हॉल्व्हमध्ये हे नेहमीचंच आहे. हीटर थंड असताना त्याचा रोध कमी असतो, प्रवाह जास्त ओढला जातो. माणसं घाबरून तो व्हॉल्व्ह काढून टाकतात. काढायचं काही कारण नसतं. दुसरं, चालू केल्यावर काही सेकंद हम येतो, वाढतो आणि विरतो. पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन आउटपुट व्हॉल्व्ह एकमेकांविरुद्ध काम करतात आणि पुरवठ्यातला हम ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडून जातो. दोघांपैकी एक आधी तापला तर तेवढा वेळ खोडाखोड अपुरी पडते. दुसराही तापला की हम जातो. हा बिघाड नव्हे. पण हम विरला नाही तर मात्र बघावं लागतं. फिल्टरचा कपॅसिटर वाळला असेल तर हम १०० हर्ट्झचा, जरा चढा येतो. हीटरमधून कॅथोडकडे गळती असेल तर ५० हर्ट्झचा, खर्जातला येतो. ऐकून ऐकून कानाला हा फरक कळू लागतो.

याच मिनिटातला एक त्रास माणसाने करून ठेवलेला असतो. जुन्या सेटमध्ये ईझेड ८१ सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असतो. तोही तापायला वेळ घेतो, त्यामुळे मोठं व्होल्टेज इतर व्हॉल्व्ह तयार होत आले की मगच हळूहळू चढतं. तो गेला की अनेक दुकानांत त्याच्या जागी दोन सिलिकॉन डायोड जोडून देतात. स्वस्त पडतं आणि सेट वाजतो. पण मग बटण दाबताच पूर्ण व्होल्टेज येतं. बाकीचे व्हॉल्व्ह थंड असल्यामुळे ते ओढणारं कोणी नसतं. ३०० व्होल्ट एसीच्या वाइंडिंगवर कपॅसिटर ४२४ व्होल्टपर्यंत चढतो, आणि जुन्या कपॅसिटरची मर्यादा कधीकधी ३५० असते. रोज सकाळी असा मार बसला की तो किती टिकणार? गिऱ्हाइकाला न सांगता केलेल्या या बदलाला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

पुढच्या काही मिनिटांतली लक्षणं निराळी असतात. आवाज आधी दबका आणि हळूहळू मोकळा होत गेला, तर एखाद्या व्हॉल्व्हच्या कॅथोडचा लेप थकल्याचा संशय घ्यावा. हम दहा मिनिटं रेंगाळून मग ओसरत असेल, तर बहुधा सेट बरेच महिने बंद पडून होता. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा पापुद्रा वापराविना झिजतो आणि व्होल्टेज मिळाल्यावर पुन्हा धरू लागतो. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला सेट म्हणूनच थेट मेन्सला लावू नये. डिमरस्टॅटवर व्होल्टेज हळूहळू चढवत न्यावं. आणि पेटीतूनच टिक टिक ऐकू येत असेल, स्पीकरमधून नव्हे, तर तापणाऱ्या धातूच्या पत्र्यांचा तो आवाज आहे. त्याची काळजी नको.

वीस मिनिटांनंतरचे बिघाड सर्वांत फसवे, आणि दुकानात हेच हुकतात. दुकानदार सेट चालू करतो, दोन मिनिटं वाजवतो, ठीक आहे म्हणतो. त्याच्या दोन मिनिटांत बिघाड यायचाच नसतो. इथे एका सेटची हकिगत सांगते.

माझ्या ओळखीच्या एक गायनशिक्षिका सदाशिव पेठेत राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, कान अजून लखलखीत. त्यांच्याकडे साठच्या दशकातला ईएल ८४ चा पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायर आहे, आणि त्यावर त्या गायिका किशोरीताई आमोणकरांच्या एलपी ऐकतात. "अगं, दुसरी बाजू लावली की ताईंचा आवाज फाटतो बघ," त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "पहिल्या बाजूला कधी फाटतो?" "कधीच नाही." "आणि दुसरी बाजू आधी लावली तर?" त्या क्षणभर थांबल्या. "खरंच की. परवा तशीच लावली होती. मग पहिली फाटली."

माझ्या लेखी निम्मं निदान इथेच झालं. रेकॉर्ड निर्दोष, सुई निर्दोष. त्यांचा दोष असता तर तो त्या बाजूबरोबर फिरला असता. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची, म्हणजे बिघाड पेटी तापल्यावरचा. पण त्याआधी एका दुकानाने दोन्ही ईएल ८४ बदलून दिले होते. फरक पडला नाही म्हटल्यावर आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलाय, नवा वाइंड करावा लागेल, असंही सांगितलं होतं.

मी सेट टेबलावर उलटा ठेवला, स्पीकर जोडला आणि घड्याळ शेजारी ठेवलं. या सेटमध्ये प्रत्येक ईएल ८४ च्या कॅथोडला २७० ओहमचा वेगळा रेझिस्टर आहे. सुरुवातीला दोन्ही रेझिस्टरवर ९.७ व्होल्टच्या आसपास मिळाले. भागाकार करा, प्रत्येकातून ३६ मिलिअँपिअर. अगदी योग्य. मग मी वाट पाहिली. ही वाट पाहणं हाच या कामाचा गाभा आहे, आणि त्याचे पैसे आपल्याकडे कोणी देत नाही. पंधरा मिनिटांनी एक आकडा जागच्या जागी होता, दुसरा वर सरकू लागला होता. गाणं फाटायला लागलं तेव्हा तो १३ वर पोचला होता, म्हणजे ४८ मिलिअँपिअर. ईएल ८४ च्या प्लेटने १२ वॉटच सोसायचे असतात. त्या व्हॉल्व्हने ती मर्यादा ओलांडली होती. आता त्याच्या ग्रिडवर मीटर लावला. तिथे डीसी शून्य हवं. साडेचार व्होल्ट होते, धन.

ग्रिडवर असं व्होल्टेज दोन वाटांनी येतं. व्हॉल्व्हच्या आत वायू शिरला असेल तर तो स्वतःच ते निर्माण करतो. नाहीतर मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटकडून सिग्नल आणणारा कपलिंग कपॅसिटर गळत असतो. कपॅसिटरने गाण्याचा एसी सिग्नल पुढे सोडायचा आणि मागचे २०० व्होल्ट डीसी अडवायचे, एवढंच त्याचं काम. दोन्हींतलं कोण, हे ठरवायची कसोटी सोपी आहे. सेट बंद केला, तो व्हॉल्व्ह काढला, सेट पुन्हा थोडाच वेळ चालू केला आणि ग्रिडच्या पिनवर मोजलं. व्हॉल्व्ह जागेवर नसतानाही व्होल्टेज तसंच होतं. व्हॉल्व्ह निर्दोष सुटला. कपॅसिटर पकडला गेला.

जुना कागदी कपॅसिटर, वर मेणाचा थर. थंड असताना मल्टिमीटरवर त्याची गळती दिसत नव्हती, म्हणून दुकानाने तो चांगला समजला. मीटर आतल्या छोट्या बॅटरीवर मोजतो. सेटमध्ये त्याच कपॅसिटरवर २०० व्होल्ट असतात आणि तो तापलेला असतो. अशा कागदाचा रोध उष्णतेने घसरतो. तो २० मेगओहमवर आला आणि ग्रिडला ४७० किलोओहमचा रेझिस्टर असला, तर गणित करून बघा: २०० व्होल्टपैकी साडेचार ग्रिडवर येऊन बसतात. मोजलेलं आणि गणिताने आलेलं जुळलं, की कारागिराला जो विश्वास वाटतो, तो कोणताही पार्ट बदलून मिळत नाही.

दोन्ही बाजूंचे कपॅसिटर बदलले. ०.१ मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे, पॉलिप्रॉपिलीनचे. दोन वडापावांच्या आसपास किंमत. काढलेले जुने व्हॉल्व्ह त्या शिक्षिकेने सुदैवाने कागदात गुंडाळून ठेवले होते. ते भारत इलेक्ट्रॉनिक्सचे होते. लावून पाहिले, तासभर चालवले, दोन्हींचे आकडे हलले नाहीत. ट्रान्सफॉर्मरला काहीही झालेलं नव्हतं.

हा एकाच सेटचा प्रश्न असता तर मी वर्तमानपत्राची जागा अडवली नसती. व्हॉल्व्ह आता जगात मोजक्याच ठिकाणी होतात: स्लोव्हाकियात, चीनमध्ये, रशियातल्या सारातोव्हला. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा रशियाहून येणाऱ्या व्हॉल्व्हचा पुरवठा अडखळला आणि जगभरच्या हौशी लोकांची धावपळ उडाली. भारतीय बनावटीचे जुने व्हॉल्व्ह तर जेवढे शिल्लक आहेत तेवढेच. अशा वेळी चांगला व्हॉल्व्ह संशयावरून फेकणं परवडणारं नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, सगळीकडे हेच चाललंय. बोर्ड बदला, पार्ट बदला, नवं घ्या. बिघाड केव्हा होतो हे तिथेही कोणी विचारत नाही.

दुकानदाराची बाजूही मी जाणते. माझे किती तरी विद्यार्थी हाच धंदा करतात. "मॅडम, पार्टचे पैसे लोक देतात, डोक्याचे देत नाहीत," असं ते सांगतात, आणि ते खरं आहे. अर्धा तास मीटर लावून बसलेल्या माणसाने शेवटी स्वस्तातला कपॅसिटर बदलला, तर त्याच्या मेहनतान्यावर घासाघीस होते. दोन नवे व्हॉल्व्ह घालून दिले तर तेच गिऱ्हाईक मुकाट्याने पाकीट काढतं. आपणच चुकीच्या कामाला बक्षीस देतो आणि मग काम चुकीचं होतं म्हणून तक्रार करतो. डॉक्टरची तपासणी फी आपण औषधापेक्षा वेगळी देतो. दुरुस्ती करणाऱ्यालाही निदानाची फी वेगळी, आधी ठरवून, आनंदाने द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण नकाशाची. जुन्या सेटच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर किंवा आतल्या बाजूला सर्किट डायग्राम चिकटवलेला असायचा. कोणत्या पिनवर किती व्होल्ट हवेत, तेही कधी लिहिलेलं असायचं. आज महागड्या यंत्राबरोबरही ती माहिती मिळत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं. पाऊल चांगलं आहे. पण सर्किट डायग्राम आणि चाचणीची व्होल्टेज देणं उत्पादकांना बंधनकारक झाल्याशिवाय हा हक्क बाजारातल्या छोट्या दुकानापर्यंत पोचणार नाही. आयटीआयमध्येही बोर्ड बदलायला शिकवण्याआधी तापलेल्या यंत्रावर धीराने मोजायला शिकवावं. व्हॉल्व्हचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर वर्गात असला तर यासाठी पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

वाचकांनी काय करावं? सेट उघडायचा नाही, हे आधी. आत ३०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. मापं घेणं हे शिकलेल्या माणसाचंच काम. स्पीकर न जोडता सेट वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. एखाद्या व्हॉल्व्हची प्लेट लाल होताना दिसली तर तेव्हाच बंद करा. पाठीमागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. तो २२० वर असेल आणि घरात २४० व्होल्ट येत असतील, तर आतली सगळीच व्होल्टेज नऊ टक्के चढतात, हीटरला ६.३ ऐवजी जवळजवळ ६.९ मिळतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं.

मग वही घ्या. थंड सेट चालू केल्याची वेळ लिहा, बिघाड सुरू झाल्याची वेळ लिहा. व्हॉल्यूम शून्यावर आणा: खरखर तशीच राहिली तर दोष व्हॉल्यूमच्या नंतरच्या भागात, नाहीशी झाली तर आधीच्या. रेकॉर्डऐवजी दुसरं काही जोडून बघा. स्टिरिओ असेल तर दोन्ही बाजूंना होतं की एकाच, ते लिहा. सेट तासभर बंद ठेवून पुन्हा लावल्यावर बिघाड तेवढ्याच वेळाने येतो का, तेही लिहा. एवढं टिपण घेऊन दुकानात जा आणि सांगा: "भाऊ, हा वीस मिनिटांनी फाटतो. तापू दे, मोजा, मग बोला. तपासणीचे पैसे वेगळे देते. आणि बदललेले पार्ट मला परत द्या."

दुकानदारांनाही एवढंच सांगते: सेट तापेपर्यंत एकही पार्ट बदलू नका. ज्याला हे मान्य नाही, त्याच्याकडे वाचकांनी आपलं यंत्र देऊ नये.